कमावणे : हिरडा, बाभूळ आणि मराठी वाङ्मयाचे मौन

मराठी समीक्षेत 'कमावलेली शैली' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो लिहिताना कोणाचीही लेखणी अडखळत नाही. गवयाचा गळा कमावलेला असतो, मल्लाचे शरीर कमावलेले असते, कुणब्याची जमीन कमावलेली असते, नोकरदार पैसा कमावतो आणि सज्जन नाव कमावतो. या सर्व प्रतिष्ठित अर्थांच्या पंक्तीत आणखी एक अर्थ बसतो, पण त्याला पान वाढले जात नाही. तो म्हणजे कातडे कमावणे. कच्च्या, नासणाऱ्या, दुर्गंधी सुटणाऱ्या कातड्याचे टिकाऊ चामडे करणे, या क्रियेलाही आपल्या भाषेने हेच क्रियापद दिले. क्रियापद देताना भाषेने भेद केला नाही. भेद केला तो भाषा लिहिणाऱ्यांनी. या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे आणि तिच्या आधाराने काही मराठी ग्रंथांकडे पुन्हा एकदा पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम विषयाची वस्तुस्थिती पाहू, कारण ती ठाऊक नसली तर पुढील विवेचन हवेत राहील. जनावराच्या कातड्यात मुख्यत्वे कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ओले कातडे तसेच ठेवले तर कुजते आणि वाळवले तर लाकडासारखे कडक होते. ते मऊही राहावे आणि कुजूही नये, यासाठी त्याच्या तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य लागते. वनस्पतींच्या साली, फळे, पाने व गाभा यांत असे द्रव्य असते. त्याला टॅनिन म्हणतात. मराठी माणसाला त्याची ओळख प्रयोगशाळेत जाऊन करून घ्यावी लागत नाही, ती जिभेवरच असते. कच्चे केळे, जांभूळ, सुपारी किंवा हिरडा तोंडात घातला की जीभ आवळल्यासारखी होते. त्या चवीला आपण 'तुरट' म्हणतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना पकडते म्हणून तोंड कोरडे पडते. तेच टॅनिन कातड्यातील प्रथिनाला पकडते म्हणून कातडे टिकते. जिभेवर क्षणभर घडते, तेच कुंडात कित्येक आठवडे घडवून आणायचे असते.

आपल्याकडे या कामासाठी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरड्याचे फळ यांचा वापर प्रामुख्याने झाला. बाभळीच्या सालीत साधारणपणे १२ ते २० टक्के टॅनिन असते, तरवडाच्या सालीत १८ टक्क्यांच्या आसपास, तर हिरड्याच्या फळात ते ३० टक्क्यांच्या घरात जाते. कातडे आधी भिजवायचे, चुन्याच्या कुंडात ठेवून केस सैल करायचे, मग केस व आतील मांस खरवडून काढायचे, चुना धुऊन काढायचा आणि नंतर सालीच्या अर्कात मुरवायचे, असा हा क्रम असतो. कोल्हापूरकडील पद्धतीत कातडे शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगून तिच्यात साल आणि हिरड्याचा अर्क भरतात. अर्क कातड्यातून हळूहळू पाझरतो. मग पिशवी उलटी टांगून पुन्हा भरतात. कोणत्या दिवशी अर्क बदलावा, साल किती जाड कुटावी, उन्हाळ्यात चुन्यात किती दिवस ठेवावे आणि थंडीत किती, याचे गणित हाताला, नाकाला आणि डोळ्याला ठाऊक असे. कागदावर ते नव्हते.

आता हिरड्याचेच उदाहरण घेऊ, कारण या एका फळाने आपल्या समाजाची फार मोठी परीक्षा घेतली आहे. हिरडा वैद्याकडे जातो तेव्हा तो हरीतकी होतो. भावप्रकाशात त्याचे विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती आणि चेतकी असे सात प्रकार सांगितले आहेत. त्याच्या गुणांचे वर्णन करताना ग्रंथकार थकत नाहीत. तोच हिरडा रंगाऱ्याकडे जातो तेव्हा कापडाला रंग धरण्यास मदत करतो. मच्छलीपट्टणम आणि श्रीकालहस्तीच्या कलमकारीत कापड प्रथम हिरडा आणि दूध यांत भिजवतात. मग लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्याने रेघ ओढली की टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन ती काळीभोर उमटते. तुरटी आणि हिरडा यांचे पूट दिलेल्या सुतावर मंजिष्ठेचा लाल पक्का बसतो. तिसरीकडे तोच हिरडा ढोरांच्या कुंडात जातो आणि कातड्याचे चामडे करतो. फळ एकच, त्यातील द्रव्य एकच, त्या द्रव्याचे कार्यही मुळात एकच, ते म्हणजे बांधून ठेवणे. पण वैद्याचे ज्ञान शास्त्र ठरले, रंगाऱ्याचे ज्ञान कला ठरले आणि ढोराचे ज्ञान विटाळ ठरले. हिरड्याला विटाळ झाला नाही, माणसाला झाला. म्हणून हा प्रश्न रसायनाचा नसून कोणाचे ज्ञान लिहिले गेले आणि कोणाचे नाही, याचा आहे. आणि ज्या अर्थी तो लिहिण्याचा प्रश्न आहे, त्या अर्थी तो साहित्याच्या समीक्षेचा विषय ठरतो.

आपल्या म्हणी व वाक्प्रचार पाहिले तरी हेच दिसते. निरर्थक चौकशीला आपण 'चांभारचौकशी' म्हणतो. या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, जोडा हातात घेऊन टाच कुठे झिजली आणि वादी कुठे तुटली हे बारकाईने पाहणाऱ्या माणसाच्या नावाने आपण बारकाईची थट्टा केली, हे खरे. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा' ही म्हणही तशीच. दुसऱ्या बाजूला कृतज्ञता पराकोटीला नेऊन सांगायची असली की 'माझ्या कातडीचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी उपकार फिटणार नाहीत' असे आपण म्हणतो. म्हणजे उपमा म्हणून चर्मकर्म उदात्त आणि व्यवसाय म्हणून हीन! भाषेच्या या दुटप्पीपणाची आमच्या समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही.

मराठी गद्यात गावच्या कारागिरीचे सविस्तर वर्णन शोधू लागलो तर पहिले नाव येते ते त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने खेडी जवळून पाहिलेल्या या लेखकाने बलुतेदारीचे जे चित्र काढले आहे, त्याला मराठीत तोड नाही. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या वाचकाला तर या ग्रंथातील निरीक्षणशक्तीचा हेवा वाटावा. हक्क, मानपान, मोबदला, तक्रारी, लबाडी, सारे काही आत्र्यांनी टिपले आहे. परंतु त्यांची नजर कोठून पडते हे लक्षात ठेवले पाहिजे. ती हिशेब तपासणाऱ्याची नजर आहे. कुणब्याने काय दिले, त्याबदल्यात बलुतेदाराने काय केले आणि त्यात कुणबी किती नाडला गेला, हा त्यांच्या विवेचनाचा कणा आहे. चामड्याचे काम करणारा त्यांच्या पानांत येतो तो घेणेकरी आणि देणेकरी म्हणून. मोट, नाडा, आसूड, वहाण या वस्तू येतात, त्यांचा मोबदला येतो. पण त्या वस्तूंमागची कुशलता हा त्यांचा विषय होत नाही.

यासाठी आत्र्यांना दोष देण्याचे कारण नाही. बलुतेदारी कालबाह्य झाली आहे, ती कुणब्यालाही आणि कारागिरालाही मारक आहे, असे सांगणारा हा ग्रंथ त्या काळी धाडसाचाच होता. परंतु त्यानंतर आलेल्या अनेक पिढ्यांनी गावगाड्याचे ज्ञान याच एका खिडकीतून घेतले, आणि ती खिडकी चावडीची होती. कुंडाच्या काठावरून गाव कसे दिसत होते, हे त्या खिडकीतून दिसणे शक्य नव्हते.

कुंडाच्या काठावरची माणसे लिहू लागली ती स्वातंत्र्यानंतर, आणि मोठ्या प्रमाणावर तर १९७० नंतरच. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, माधव कोंडविलकर यांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ साली, शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली. 'गाव-गाडा' आणि 'बलुतं' ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही नेहमी सुचवतो. एकाच व्यवस्थेची ही दोन हिशेबवहीची पाने आहेत. एकावर जमा आणि दुसऱ्यावर खर्च. मेलेल्या जनावराभोवती जमलेली माणसे 'बलुतं'मध्ये दिसतात तेव्हा तेथे हक्काचा अभिमान नसतो. भूक आणि शरम एकाच वेळी असते. कोंडविलकरांच्या दैनंदिनीवजा आत्मकथनाची जात निराळी. चर्मकार कुटुंबातला तरुण शिक्षक आपल्याच गावी नेमला जातो आणि शिक्षक झाल्यानंतरही गाव त्याला त्याच्या जातीच्या नावानेच ओळखते. हातातली रापी सुटून खडू आला, तरी गावाच्या डोळ्यांतली रापी सुटली नाही, ही त्या पुस्तकाची वेदना आहे.

या आत्मकथनांविषयी आमच्या काही मित्रांची एक तक्रार असते. ती अशी की, यांत दु:ख आहे, अपमान आहे. परंतु कामाचे वर्णन नाही, कारागिरीचा आनंद नाही. लोहाराने भात्यावर लिहावे, तसे यांनी कुंडावर का लिहिले नाही? ही तक्रार वरवर वाङ्मयीन दिसते, पण ती इतिहास विसरून केलेली आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. पुढे हे काम सोडल्याने महारांचे आर्थिक नुकसान कसे होते, याचा कातडे, शिंगे, खूर यांच्या किमतीसह हिशेब मांडणारा मजकूर 'केसरी'तून आला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी त्या वादाची आठवण सांगितली. वर्षाला ५०० रुपयांचा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, हे काम कराल तर वर ५०० रुपये मी देतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आमच्या मते मराठीतील चर्मोद्योगविषयक सर्व चर्चेतले हे सर्वांत नेमके वाक्य आहे. त्याने अर्थशास्त्राचा मुखवटा एका झटक्यात काढला. काम जर इतके फायद्याचे आणि ज्ञानाचे असेल, तर ते जन्माने का वाटले जाते?

हे लक्षात घेतले म्हणजे आत्मकथनांतील ते मौन उणीव वाटत नाही. ज्या कामातून सुटण्यासाठी एका पिढीने उपवास काढले, मार खाल्ला, त्या कामाच्या बारकाव्यांचे रसाळ वर्णन पुढच्या पिढीने करावे ही अपेक्षा सुखवस्तू वाचकाची आहे. तो मौनाचा निर्णय होता, आणि निर्णय हाही कलाकृतीचा भाग असतो. मात्र हे मान्य करूनही एक हानी उरतेच. ज्यांनी लिहायला हवे होते त्यांना लिहिता येऊ दिले नाही. ज्यांना लिहिता येऊ लागले त्यांनी ते लिहायचे नाकारले. आणि या दोहोंमध्ये ज्ञान मात्र निघून गेले. आमच्या वाङ्मयातील हे मौन दुहेरी आहे. त्याचा पहिला थर लादलेला आहे आणि दुसरा स्वीकारलेला. समीक्षकाने निदान हे दोन थर वेगळे ओळखावेत.

या दोन्हींच्या मध्ये तिसरा एक प्रवाह आहे, त्याची नोंद घेतली पाहिजे. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वत: मृत जनावरांची कातडी सोलण्याचे काम हाती घेतले आणि पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे चर्मकर्माला आश्रमाच्या दिनक्रमात स्थान दिले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने हे काम करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. गांधीजींनीही 'हरिजन'मधून गावच्या चर्मोद्योगावर लिहिले. कत्तलीऐवजी नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराचे चामडे वापरावे, असा त्यांचा आग्रह होता. या मंडळींनी प्रथमच या विद्येकडे शिकण्याजोगी विद्या म्हणून पाहिले. चुना किती, साल किती, दिवस किती, हे लिहून ठेवण्याची गरज त्यांना वाटली, हे त्यांचे श्रेय.

पण येथेही एक प्रश्न विचारावाच लागतो. आप्पासाहेबांनी सुरी हातात घेतली तेव्हा ते महात्म्याच्या वाटेवर चालले. तीच सुरी जन्माने ज्याच्या हातात आली, त्याला मात्र ती खाली ठेवल्याशिवाय माणूस होता येत नव्हते. एकाच कामाने एकाला पुण्य आणि दुसऱ्याला कलंक मिळत असेल तर त्या कामाची प्रतिष्ठा वाढली असे म्हणता येत नाही. वाढली ती करणाऱ्याची. आप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्यांच्याविषयी गौरवाने लिहिणाऱ्या आणि त्यांनी ज्यांच्याकडून हे काम पाहिले त्यांचा उल्लेखही न करणाऱ्या चरित्रलेखनाविषयी.

आता थोडे आपल्या भूमीकडे वळू. केशवराव कोरटकरांच्या नावाने १९४० साली नारायणगुड्यात शाळा उभी राहिली, तेव्हापासूनच काय, त्याच्या आधीपासूनही या परिसरात मराठी माणूस तेलुगू, उर्दू आणि कन्नड यांच्या शेजारात वावरतो आहे. दरवर्षी भाद्रपद अमावास्येच्या सुमारास नारायणगुड्याच्या बाजारात पिवळ्या फुलांचे ढीग लागतात. तेलुगू भगिनी त्यांना 'तंगेडु' म्हणतात आणि पुढील नऊ दिवस बतुकम्मा रचताना ती फुले मानाने लावतात. तेलंगण राज्य २०१४ साली अस्तित्वात आल्यानंतर याच फुलाला राज्यपुष्पाचा मान मिळाला. मराठीत आपण या झुडपाला तरवड म्हणतो. दख्खनच्या माळावर ते फुकट उगवते, शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि आपल्या हादग्या-भोंडल्यात त्याला जागा नाही. याच तंगेडुच्या सालीवर दक्षिण भारतातील कातडी कमावण्याचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या उभा होता. मद्रासेहून परदेशी जाणारे अर्धकच्चे चामडे पुष्कळदा याच सालीने कमावलेले असे. फूल देवीला आणि साल कुंडाला, अशी वाटणी याही समाजात झालीच. परंतु तेलुगू वाङ्मयाने त्या सालीची आठवण काही प्रमाणात तरी जपली, असे म्हणावे लागेल.

गुर्रम जाषुवा यांच्या 'गब्बिलम्' या १९४१ सालच्या काव्यात चर्मकार समाजातील एक माणूस वटवाघळाच्या द्वारा शिवाला आपला निरोप धाडतो. मेघदूतातील यक्षाची जागा येथे अस्पृश्याने घेतली आणि मेघाची जागा अशुभ मानल्या गेलेल्या वटवाघळाने. अभिजात परंपरेच्या घाटात ही वेदना बसवण्याचे हे धैर्य असामान्य आहे. पुढे हैदराबादेतच राहून लिहिणारे कांचा ऐलय्या यांनी २००७ साली लहान मुलांसाठी लिहिलेल्या 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' या इंग्रजी पुस्तकात श्रमाच्या प्रतिष्ठेचा पाठ देताना चर्मकारांच्या विद्येला स्थान दिले, आणि २००९ सालच्या 'पोस्ट-हिंदू इंडिया'मध्ये तर मादिगांना तळागाळातील वैज्ञानिकच म्हटले. कातडे कशाने टिकते हे ज्याने प्रथम शोधले तो वैज्ञानिकच होता, मग त्याचे नाव ग्रंथात असो वा नसो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा.

ऐलय्यांची शैली प्रक्षोभक आहे आणि त्यांचे अनेक निष्कर्ष आम्हांस घाईचे वाटतात. शिवाय त्यांच्या भूमिकेत एक धोकाही आहे. विद्या जातीच्या नावे नोंदवली की विद्येचा गौरव होतो, पण जातीची खुंटीही अधिक घट्ट होते. डॉ. आंबेडकरांनी जी खुंटी उपटायला सांगितली तीच आपण फुलांनी सजवू लागलो, असे होऊ नये. तरीही मान्य केले पाहिजे की, मराठी दलित आत्मकथनाने जो प्रश्न अपमानाच्या बाजूने विचारला, तोच प्रश्न येथे ज्ञानाच्या बाजूने विचारला गेला. या दोन्ही बाजू एकत्र वाचण्याची सोय हैदराबादच्या मराठी वाचकाला जितकी आहे, तितकी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही.

आणखी एक धागा आपल्याच जुन्या निजामी मुलखातला आहे. बसवकल्याण पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या शरणांमध्ये ढोर कक्कय्या आणि समगार हरळय्या होते. सोलापूर-लातूरकडील ढोर समाज आजही कक्कय्यांचे नाव आपल्या नावाशी जोडतो. हरळय्यांची कथा तर आपण वर पाहिलेल्या वाक्प्रचाराची मूर्तिमंत कथा आहे. बसवेश्वरांनी आपल्याला वंदन केले, या ऋणातून उतराई होण्यासाठी हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, अशी ती कथा सांगते. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातील मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला आणि कल्याण पेटले. गिरीश कार्नाडांनी 'तलेदंड' या १९९० सालच्या कन्नड नाटकात तो प्रसंग उभा केला आहे. शरण परंपरेची थोरवी अशी की तेथे 'कायक', म्हणजे श्रम, हाच उपासनेचा मार्ग मानला गेला आणि चर्मकार आपल्या व्यवसायासह संत झाला. पण इतिहासाची क्रूरता अशी की, त्याचे जोडे स्वीकारले गेले. त्याचा मुलगा जावई म्हणून स्वीकारला गेला नाही. कारागिरीची स्तुती करणाऱ्या प्रत्येक लेखकाने ही कथा उशाशी ठेवावी.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण आहे. कोल्हापुरी चपलेला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला; महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील चार-चार जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या नामांकित कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारखीच पादत्राणे मूळ उल्लेखाविना मांडली, त्यावर महाराष्ट्रातून ओरड झाली आणि कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. या निमित्ताने मराठीतून पुष्कळ लिहिले गेले आणि एक नवेच गद्य जन्माला आले. त्याला आम्ही 'वारसागद्य' म्हणू. त्यात बाभळीची साल येते, हिरडा येतो, 'निसर्गस्नेही', 'रसायनमुक्त', 'शतकांची परंपरा' हे शब्द येतात. येत नाही तो कुंडाचा वास. येत नाही ते त्या माणसाचे गावाबाहेरचे घर.

हे गद्य दोन कारणांनी सदोष आहे. पहिले कारण वस्तुस्थितीचे. वनस्पतिजन्य पद्धतीतही चुना लागतो, अतोनात पाणी लागते आणि सांडपाणी नाल्यात सोडले तर तेही घातकच असते. साल सोलली की बाभूळ मरते. क्रोमियमने कातडे एखाद्या दिवसात कमावले जाते आणि ते चामडे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगाने ती पद्धत स्वीकारली आणि आज जगातील बहुतेक चामडे तसेच तयार होते. त्याचे दुष्परिणाम आहेतच. जुन्या पद्धतीचे गुणही खरे आहेत. ते चामडे घाम शोषते, पायाच्या आकाराला वळते आणि वापरता वापरता रंगाने गडद होत जाते. परंतु गुण सांगताना किंमत झाकणे हे जाहिरातीचे काम आहे, लेखकाचे नाही.

दुसरे कारण नैतिक आहे. ज्या कामामुळे माणसे शिवून घेण्यालायक राहिली नाहीत, त्याच कामाचा 'आपला वारसा' म्हणून अभिमान बाळगताना 'आपला' या सर्वनामात कोण कोण येते, हे स्पष्ट व्हायला हवे. आम्ही स्वत: या लेखात 'आम्ही' म्हणतो तेव्हा या सर्वनामाची मर्यादा आम्हांस ठाऊक आहे. शासकीय सेवेत असताना 'गौण वनोपज' हा शब्द आम्ही शेकडो कागदांवर वाचला. हिरडा त्याच सदरात येतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील आदिवासी बाळहिरडा गोळा करतात आणि सरकारदरबारी तो 'गौण' असतो. ज्या जमातीचे नावच कात तयार करण्यावरून पडले, त्या कातकऱ्यांची कथाही तीच. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो काढा आटवून कात करणे ही वनस्पतिजन्य टॅनिनच्या अर्काची अस्सल देशी कृती. जंगलावरील निर्बंधांनी त्यांचा खैर गेला. नाव तेवढे उरले. विड्यातला कात आपल्या ओठांवर रंगतो तेव्हा त्या नावाची आठवण किती जणांना येते? 'गौण' हे विशेषण वस्तूला लावलेले असते, पण ते हळूच माणसाला जाऊन चिकटते.

मग समीक्षेने काय करावे? आम्हांस तीन गोष्टी सुचतात. एक, जुन्या ग्रंथांचे वाचन दुहेरी करावे. 'गाव-गाडा' वाचताना 'बलुतं' हाताशी असावे आणि आश्रमीय चरित्रे वाचताना नागपूरचे भाषण. दोन, या व्यवसायाची शब्दसंपत्ती जाणणारी म्हातारी माणसे आहेत तोवर ती टिपून घ्यावी. मोट गेली आणि तिच्या जागी पंप आला, तेव्हा मोटेच्या प्रत्येक भागाला असलेले नावही गेले. पखाल गेली, बुधला गेला. हे काम विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहणारे नाही. सोलापूर, लातूर, बिदर, नांदेड आणि हैदराबाद येथे नातेवाईक असलेल्या आपल्या सभासदांना ते करता येईल. मात्र टिपून घेताना शब्द ज्याचा, त्याचे नाव त्याच्या इच्छेने शब्दाशेजारी असावे आणि त्याने काही सांगायचे नाकारले तर त्या नकाराचाही मान राखला जावा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. विद्येचा आदर आणि त्या विद्येशी जखडून घालणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मांडण्याची भाषा आपल्याला घडवावी लागेल. आज आपल्याकडे एक तर धिक्काराची भाषा आहे किंवा गौरवाची. पहिलीत हिरडा नाही आणि दुसरीत माणूस नाही. कातडे कमावणाऱ्याला ठाऊक असते की चुन्यात फार दिवस ठेवले तर कातडे विरते आणि सालीच्या कडक अर्कात घाईने टाकले तर वरचा पापुद्रा आवळून आतला भाग कच्चाच राहतो. म्हणून तो सौम्य अर्कापासून सुरुवात करतो आणि हळूहळू बळ वाढवतो. या विषयावरील आमचे बरेचसे लेखन अद्याप दुसऱ्या प्रकारचे आहे. वरून आवळलेले आणि आतून कच्चे. ते कमावायला वेळ लागेल, आणि ज्यांच्या हातांना हे काम ठाऊक होते त्यांच्या मुला-नातवंडांनी लिहिलेले आणि न लिहिलेले, दोन्ही वाचल्याशिवाय ते कमावले जाणार नाही.